तीन दिवसांचा खुराक

(ट्युनिसमधल्या एका रुग्णालयामागची पेशी-प्रयोगशाळा, सकाळचे साडेआठ. प्रमुख डॉक्टर सिहेम, तिथल्या जुन्या तंत्रज्ञ मुनीरा आणि संशोधक वज्दी.)

सिहेम : जिवंत पेशींचा आकडा सत्तर टक्क्यांच्या खाली आला तर त्या वॉर्डला द्यायला मी सही करणार नाही. आधीच सांगते.

वज्दी : मी कुठं म्हटलं करा म्हणून?

सिहेम : तोंडानं नाही म्हटलंस. पण दोर्साफच्या वडिलांना काल 'उद्या देतोय' असं कुणी सांगितलं?

वज्दी : त्यांचाच फोन होता, मॅडम. मुलीचा ताप उतरत नाही. अस्थिमज्जा बदलून सात आठवडे झाले, विषाणू अंगभर पसरतोय आणि त्याच्याशी लढणाऱ्या तिच्या स्वतःच्या टी पेशी जवळजवळ नाहीतच. वडिलांच्या रक्तातून वाढवलेल्या या पेशीच काय ती आशा. त्यांना मी काय 'बघू' म्हणू?

सिहेम : 'बघू' असंच म्हणायचं. गेल्या खेपेलाही तू असंच सांगून मोकळा झालास.

मुनीरा : डॉक्टर, ईदचं पुन्हा नको आता.

वज्दी : बोलू द्या, मावशी. ईदचे तीन दिवस सुट्टी, म्हणून आदल्या संध्याकाळी मी तीन दिवसांचं आयएल-दोन एकदम घातलं. माझीच चूक.

मुनीरा : सगळं ट्युनिस तेच करतं. ईदच्या आदल्या दिवशी पाव तीन दिवसांचे, भाजी तीन दिवसांची. यानं पेशींनाही तसंच वाढून ठेवलं.

सिहेम : पेशी काही पुरवून खात नाहीत. आयएल-दोन म्हणजे त्यांना 'वाढा' असा निरोप. एवढा निरोप एकदम मिळाल्यावर वेड्यासारख्या वाढल्या, दोन दिवसांत सगळा संपवला. तिसऱ्या दिवशी निरोप बंद. आणि निरोप बंद झाला की टी पेशी वाट बघत बसत नाही, स्वतःच स्वतःला संपवते. तिची घडणच तशी आहे. सुट्टीनंतर उघडलं तर बाटलीत गाळ.

वज्दी : म्हणून तर या खेपेला आयएल-दोन अगदी थोडं आणि जोडीला आयएल-सात. ते सांगतं, 'जगत राहा'. चौदा दिवस, रोज सकाळी, मोजून तेवढंच. एक दिवस चुकवला नाही.

मुनीरा : बहिणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. नवरदेव दारात, वऱ्हाड उन्हात, आणि हा इथं बाटलीपाशी. याच्या आईनं फोनवर मला सुनावलं, जसं काही मीच याला डांबून ठेवला होता.

सिहेम : मुनीरा, मोजा आता.

मुनीरा : मोजतेच आहे. बोलत बोलत मोजायची सवय आहे मला. एकूण एकशे ऐंशी. निळ्या शहात्तर.

वज्दी : शहात्तर?

मुनीरा : मेलेली पेशी निळा रंग आत घेते, जिवंत घेत नाही. दिसतंय ते सांगतेय.

सिहेम : म्हणजे जिवंत अठ्ठावन्न टक्के.

वज्दी : काल बाटलीत गोल, चकचकीत दिसत होत्या. मी स्वतः पाहिल्या.

सिहेम : अठ्ठावन्न, वज्दी. वॉर्डला मी कळवते. तिच्या वडिलांना मात्र तू सांगायचंस.

मुनीरा : थांबा डॉक्टर, फोन ठेवा. वज्दी, सूक्ष्मदर्शकाखालची ही काच कधी भरलीस?

वज्दी : आल्या आल्या.

मुनीरा : घड्याळात किती वाजले होते?

वज्दी : आठ. मॅडम आल्या की खोळंबायला नको, म्हणून रंग मिसळून तयार ठेवली.

मुनीरा : अर्धा तास? अरे, हा रंग म्हणजे विषच. पाच मिनिटांपलीकडं ठेवला तर धडधाकट पेशीही त्यात मरतात आणि निळ्या होतात. नव्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतोस तू.

वज्दी : मावशी...

सिहेम : तू काही बोलू नकोस. कशालाही हात लावू नकोस. मुनीरा, बाटलीतून ताजा नमुना काढा. रंग मी घालते, वेळ मी लावते.

मुनीरा : काढला. घाला. हं, भरली काच.

सिहेम : दीड मिनिट झालं. बघा.

मुनीरा : एकशे चौऱ्याण्णव. निळ्या तेरा.

वज्दी : पुन्हा सांगा.

मुनीरा : निळ्या फक्त तेरा, बाबा.

सिहेम : सरका. आणखी एक काच भरा, ती मी मोजते. तोवर कुणी हसायचं नाही.

वज्दी : मी हसत नाहीये, मॅडम.

मुनीरा : तो रडतोय.

सिहेम : दोनशे एक. निळ्या चौदा. त्र्याण्णव टक्के.

मुनीरा : बावीस वर्षं मोजतेय इथं. चौदाव्या दिवशी त्र्याण्णव कधी पाहिले नव्हते. डॉक्टर, लग्नघरात बायका काढतात तशी एक ललकारी काढू?

सिहेम : प्रयोगशाळेत नाही.

मुनीरा : व्हरांड्यात?

सिहेम : व्हरांड्यात काढा. एकच.

वज्दी : ऐकलंत मॅडम? वरच्या मजल्यावरून कुणीतरी उलट ललकारी दिली. त्यांना काय माहीत, काय झालंय ते.

सिहेम : कुणाचं तरी लग्न ठरलं असं वाटलं असेल. ही घे, माझी सही. खाली तुझी कर.

वज्दी : एक विचारू? इथं रोज सकाळी मी होतो. तिच्या अंगात यांना आयएल-सात कोण देणार?

सिहेम : तिचंच शरीर. ते तिथं रोज तयार होतंय. घ्यायला पेशीच नव्हत्या, म्हणून सात आठवडे साचत राहिलंय.

मुनीरा : म्हणजे पानं वाढून तयारच आहेत म्हणायची.

सिहेम : तसंच समजा. फोन द्या तो इकडं. हॅलो, बालविभाग? सिहेम बोलतेय. दोर्साफच्या पेशी तासाभरात निघतील. डबा वज्दी घेऊन येतोय. दारातच डबा काढून घेऊ नका, त्याला तिच्या खोलीच्या काचेपर्यंत येऊ द्या.