डावं मडगार्ड

परत लाव की ते रंगाची जाडी मोजायचं यंत्र. नाही, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, कॅलम, पण परत एकदा लाव — आधी दारावर, मग मडगार्डावर. दारावर किती आलं? नव्वद. छपरावर? पंच्याण्णव. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कंपनीतनं निघाली तेव्हाचाच रंग, होय ना? आता इथे लाव, डाव्या चाकाच्या वर, मी जिथे दिवे लावलेत तिथे नको, जरा बाजूला. चारशे दहा. — हं. यंत्राची बॅटरी उतरली नसेल ना? नसणार, तुझा धंदाच गाड्या रंगवायचा, तू कशाला उतरलेली बॅटरी घेऊन व्हाइटहेवनभर फिरशील. चारशे दहा म्हणजे खाली पुट्टी, वर रंग, त्यावर लॅकरचा पारदर्शक थर. म्हणजे हे मडगार्ड कुणीतरी ठोकून, भरून, रंगवलेलं आहे. आणि मी तुला आत्ताच दारात सांगितलं, की या गाडीला आजवर रंगाऱ्याचा हात लागलेला नाही. शपथेवर सांगितलं असतं मी.

थांब, चहा घे. घे रे, केलेलाच आहे. तुला सांगतो कसं झालं ते, म्हणजे तुला वाटायचं नाही की म्हातारा अगदीच अडाणी आहे. ह्या वयाच्या लाल गाडीवर लॅकर नसतं, हे मला ठाऊक आहे. नुसता लाल रंग. ऊन, पाऊस, समुद्राचं खारं वारं खाऊन तो वरनं मरतो, गुलाबी पडतो — शेजारचा नॉर्मन तर म्हणायचा, डेझ, तुझ्या गाडीला हिरड्यांचा रंग आलाय. तर वरचा मेलेला थर काढायचा. मशीनला पांढरं पॅड लावायचं, घासायचं कंपाउंड घ्यायचं, सावकाश फिरवायचं. पॅड लाल झालं की समजायचं, मेलेलं निघतंय, खालचं जिवंत वर येतंय. नवखा माणूस लाल पॅड बघून घाबरतो, मी खूश होत होतो. बॉनेट झालं, छप्पर झालं, चारी दारं झाली. बारा दिवस रोज दोन-दोन तास, आणि मधनं हीच गाडी घेऊन बाजारात जायचो, म्हाताऱ्यांच्या होमला जायचो, अर्धी लाल अर्धी गुलाबी. लोक हसायचे, हसू देत. मग ह्या मडगार्डाला आलो नि पॅड पांढरं ते पांढरंच. दोनदा फिरवलं — पांढरं. मी म्हटलं, मेलेला थर फारच जाड दिसतोय. खरबरीत कंपाउंड घेतलं, मशीनवर अंग टाकलं. आणि आलं की लाल. केवढा आनंद झाला मला म्हणून सांगू. तसाच रेटत राहिलो. लॅकर फाडून रंगात शिरलो होतो, नि मला वाटत होतं आत्ता कुठे काम लागू पडतंय. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आणि खूण नव्हती असंही नाही. बाकी सगळी गाडी गुलाबी आणि हे एवढं मडगार्ड लाल राहिलेलं. दिसत होतं मला. मी काय म्हटलं, ही बाजू भिंतीकडे असते, सावलीत, म्हणून रंग टिकला. मग मागचं डावं दार का नाही टिकलं? तेही भिंतीकडेच असतं. तू हे आत्ता विचारशील, मी नाही विचारलं. माणसाला जे बघायचं नसतं त्याला तो बरोबर कारण शोधतो.

नाही, गाडी माझी नाही. एव्हरिलची. माझ्या बायकोची. चोवीस वर्षं रोज चालवली तिनं, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती एग्रेमाँटला, सकाळी साडेसातला निघायची. मी नवी कोरी घेतली होती तिच्यासाठी, म्हणजे तिच्यासाठी म्हणायचं, पण जीव माझा होता तिच्यात. दर रविवारी धुवायची, मेण लावायचं, कुणी टेकून उभं राहिलं तर मी आतनं काच वाजवायचो. मग एकदा तिनं दुकानाच्या भिंतीला घासली. मागच्या दाराला, एवढासा ओरखडा, करंगळीएवढा. आली, स्वतः सांगितलं तिनं मला. आणि मी अबोला धरला. नऊ दिवस. ओरडणारा माणूस नाही हं मी. कारखान्यात छत्तीस माणसं होती हाताखाली, पण कधी आवाज चढवला नाही. मी फक्त बोलायचो नाही. जेवायचो, अन्नाशी वैर नव्हतं. तिनं त्या नऊ दिवसांत माझ्या आवडीचं सगळं करून झालं, मटण झालं, ॲपल-पाय झाला, समोर ताट ठेवायची नि उभी राहायची. मी जेवून उठायचो. दहाव्या दिवशी बोललो, ते काय — तुझी गाडी, तू बघ, मी हिला पुन्हा फडकं लावणार नाही. आणि नाही लावलं. शब्दाचा पक्का ना मी. वीस वर्षं नाही लावलं. तिच्या डोळ्यांदेखत गुलाबी होऊ दिली. तू विचारलंस ना मघाशी, एवढी दुर्दशा कशी काय झाली — अशी झाली.

मग आता एकदम पुळका कुठनं आला? सांगतो. चार वर्षं झाली, ती टेकडीवरच्या होममध्ये आहे. डोक्याचं दुखणं. विसरत विसरत गेली, आधी किल्ल्या, मग नावं, मग मी. मला ओळखत नाही. पण गाडी आठवते तिला. दर रविवारी मी गेलो की विचारते, गाडी झाली का? मी म्हणायचो, कसली गाडी, तर म्हणायची, माझी लाल गाडी. मागं एकदा खिडकीतनं दाखवली तिला, खाली उभी केलेली. म्हणाली, ही नव्हे, माझी लाल आहे. मग मला वाटलं, आपण ही लाल केली तर? पुन्हा नव्यासारखी करून खिडकीखाली उभी केली, आणि ती म्हणाली, हीच माझी — तर मग गाडीच्या मागनं गाडीवाल्याची पण आठवण येईल. येते म्हणे अशी, एक दोरा सापडला की. नॉर्मन म्हणाला, म्हातारचळ आहे. असेल. पण बारा दिवस बरे गेले माझे.

आणि आता तू हे यंत्र लावलंस.

कधी झालं असेल हे, सांगता येतं का तुला? नाही. मला येतं. तू बोलत होतास नि मी इथे उभ्या उभ्या हिशेब लावत होतो. नऊ वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, ती चार दिवस बसनं कामाला गेली. म्हणाली, बॅटरी गेली, गाडी शाळेपाशी आहे, तिथला माणूस बघतोय. मी म्हटलं, बरं. एवढंच. जाऊन बघितलं नाही, माझी नव्हतीच ना गाडी. चार दिवसांनी घेऊन आली नि भिंतीला अगदी चिकटवून उभी केली. त्याआधी ती बाजू रस्त्याकडे असायची. त्या दिवसापासनं तोंड फिरवून लावायला लागली. मी म्हटलंदेखील, आज उलटी का लावलीस, तर म्हणाली, काढायला सोपं पडतं. — कशावर आदळली असेल रे? पुढनं डावीकडनं म्हणजे कुंपण, नाहीतर खांब. एकटी होती की कुणी मदतीला आलं? लागलं होतं का तिला? त्या आठवड्यात ती लांब बाह्यांचं स्वेटर घालायची घरातसुद्धा. थंडी होती, मी म्हटलं.

आणि ऐक. त्यानंतर तीन वर्षांनी तिच्या विसरण्यापायी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्या बाईंनी मला विचारलं होतं, गाडी चालवताना काही झालं होतं का, रस्ता चुकली, कुठे आदळली? या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा तिथनं होते म्हणाल्या. मी अगदी छाती काढून सांगितलं, छे, एक भिंत सोडली तर एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही. एव्हरिल शेजारीच बसली होती. तेव्हा आठवत होतं तिला, नक्की आठवत होतं, कारण तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी समजलो कौतुक केलं म्हणून बघतेय.

नाही, बसतो जरा. बरा आहे मी.

तुला मी सगळं नाही सांगितलं. गाडी झाली का, एवढंच नाही विचारत ती. त्याच्यापुढे अजून एक वाक्य आहे. ते मी कुणाला सांगत नव्हतो, कारण मला वाटायचं वाताची बडबड आहे. ती मला गॅरेजवाला समजते. माझी बाही धरते, आवाज बारीक करते आणि म्हणते, "अहो, झाली का गाडी? माझ्या नवऱ्याला कळणार नाही ना?"

दर रविवारी. चार वर्षं.

बोलू नकोस काही. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील, जाऊन सांगा तिला की मी रागावलो नाही. सांगू? मी डेझ आहे, हे दोनदा सांगून बघितलंय मी, कागदपत्रं दाखवून. दोन्ही वेळा तिनं हात पोटाशी घेतले नि दाराकडे सरकली. मला वाटलं, अनोळखी माणूस नवरा म्हणवतो म्हणून घाबरली. अनोळखी माणसाला नव्हती घाबरली ती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालंय बघ — नवरा म्हणून माफी मागायला गेलो तर ती भिंतीला लागते, आणि गॅरेजवाल्याच्या माफीला काय किंमत. गॅरेजवाल्याला एवढंच म्हणता येतं, काळजी करू नका बाई, त्याला काही कळणार नाही. तेच म्हणणार आहे मी परवा. ती हसेल. चहा यायच्या आत विसरेल, आणि पुन्हा माझी बाही धरेल.

मडगार्ड? नको. रंग जुळेल रे, तुझ्या हाताबद्दल शंका नाही, पण राहू दे तसंच उघडं. ते यंत्र तेवढं घे, सीटवर राहिलंय. आणि जाताना फाटक ओढून घे.

जा, कॅलम. मला आता बोलायचं नाहीये.