तिसऱ्या अंकातली पोरगी

— नाई नाई, ते शाल तुह्या झोऱ्यातच राहू दे, प्रफुल. सत्कार कायचा? म्हणे वडशाच्या प्रयोगाले चला लटारूभाऊ, स्टेजवर उभं करतो, लोकायले सांगतो, माह्या नाटकातला नथ्थू म्हणजे हेच. बस, इथी तळ्याच्या पाळीवर बस, जाळं सरकव बाजूले. चाय घे. — पाह्यलं ना नाटक! मंडईच्या जत्रेत, अगदी पुढं बसून पाह्यलं. दोन अंक त असं वाटे, उठून सांगावं, अरे हा मी हाओ! तळ्यात मच्छी मारते, एकटा रायते, लगन नाई केलं, आन मजेत हाय — हासते, खाते, गाणे म्हणते. असा माणूस नाटकात कसा रायते? जोकर. नाई त नामर्द, लोकायले हासवाले. तू त्याले माणूस केलं. डोळ्याले पाणी आलं माह्या, खोटं कायले सांगू.

मंग तिसऱ्या अंकात ते पोरगी कुठून आणली रे? पुरात वाहून गेलेली, तिची बांगडी पेटीत, आन नथ्थू ते बांगडी छातीले लावून रडून राह्यला — बाया कशा फुंदत होत्या! मले मात्र कोणी भरल्या ताटावरून उठवल्यावानी झालं. काऊन केलं असं? — पब्लिकले कारण लागते? अन् लगन करते त्याले इचारते काय कोणी कारण? माह्यापाशी कारणच नाई. जवानीत सारे पोट्टे बायायच्या गोष्टी करत, मीबी ऐकत होतो, हासत होतो, पण अंदर काई हालत नव्हतं. बापानं जिवती गावाकडं पोरगी पाह्यले नेलं. पोरगी चांगली, पोहे चांगले. मले पोहे आवडले. बिमार नव्हतो, कोणी दगा नाई देल्ला, कोणी मेलं नाई. असाच हाओ, जसा तू डावखुरा हाये. — नथ्थूले साधू करतो म्हणतं? आता साधू! अरे, मी झिंगे खातो, मोहाची घेतो, शिव्या देतो. देवासाठी काई सोडलं नाई, मेलेलीसाठीबी नाई. सोडलंच नाई रे, पाह्यजेच नव्हतं! एवढं लिव्हता येत नाई त लेखक कायचा?

पहिले लोकं नामर्द म्हणत, मी चार शिव्या देत होतो, हिसाब बरोबर. आता 'बिचारा' म्हणतात. याले काय उत्तर देऊ? आन तेवढ्यावर थांबले काय? नाई. ते पोरगी कोण म्हणून शोधाले लागले. नाटकात मेली त काय झालं, गावात जित्ती सापडली त्यायले — कुंताबाई. नवरा गेला तवापासून माही मच्छी बाजारात तेच विकते. रोज सकाळी इथीच बसून चाय पेत होतो आमी दोघं. नाटक झालं आन तिचा दीर आला, खुशाल नावाचा. म्हणे, आमच्या घरची बाई आता तुह्या पाळीवर येणार नाई.

दिराचं सोड. दीर म्हणजे दीरच. पण तिले मी सारं सांगितलं होतं — दुनियेत तिलेच, मायलेबी नाई सांगितलं. ते हासली होती. म्हणे, बरं झालं, तुह्यासंग बसाले जिवाले घोर नाई. आन परवा बाजारात भेटली त काय म्हणते? 'लटारूभाऊ, मले खोटं सांगितलं काय? कोण होती ते?' — तिनं इचारलं, तिनं! तुह्या एका बांगडीपुढं माहा सारा जनम खोटा पडला.

— माफी नको मागू. माफीचं मी काय करू? तिचं घर त्या चिंचेपाशी हाय. जा, आन तिले सांग, ते पोरगी तू बनवली, लटारू खरं बोलला. एवढंच. — हो, आताच. — खाली काऊन पाह्यतं? खुशाल घरी हाय म्हणून? एका बाईपुढं खरं बोलाले भेतं, आन हजार लोकायपुढं माह्याबद्दल खोटं बोलाले नाई भेला! — नाई जात? मंग ऊठ. ऊठ माह्या पाळीवरून.