भाऊजींची घोडाबैठक

तुमच्यात कोणी कराटे शिकलं असन तर मले एक सांगा. ते पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहतात ना, घोड्यावर बसल्यावानी, त्याचा खऱ्या मारामारीत काही उपयोग होते का?

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे नवरे, बालाघाटले पोराइले कराटे शिकवतात. मी त्यायले नेहमी म्हणायचो, "समोरचा तुम्हाले असं उभं राहू देईन का?" ते म्हणत, "वेळ आली का पाहशीन."

वेळ आली ते लांजीच्या बसस्टँडवर. एक धिप्पाड माणूस दारू पिऊन आला, अन् आमची मोटरसायकल त्याचीच आहे म्हणून चाबी मागू लागला. भाऊजी गाडीसमोर गेले अन् तसेच पाय रोवून उभे राह्यले. त्यानं जोरात धक्का दिला. भाऊजी हलले नाही. मग त्यानं सारी ताकद लावून ढकललं, अन् तोच मागं जाऊन पडला. भाऊजी डोळे वटारून जागच्या जागी उभे. तो कसाबसा उठला, "गलती हो गई, गुरुजी" म्हणून हात जोडले, अन् निघून गेला.

मी खरंच चाट पडलो. म्हटलं, "भाऊजी, तो पडला तवा एक तरी ठेवून द्याची होती. काहून नाही मारलं?"

भाऊजी दातावर दात दाबून हळूच म्हणाले, "आधी मले धर. पहिल्याच धक्क्याले पोटरीत गोळा आला, तवापासून पाय उचलता नाही येऊन राह्यला."