अध्यक्षांचा वरचा सा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्यामसुंदर टेंभेकर, सत्कारमूर्ती आदरणीय सरलाताई हिर्लेकर, व्यासपीठावरील मान्यवर आणि कोलकात्यातल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

चौदा वर्षं दर रविवारी बराकपूरहून लोकलने येऊन आपल्या मंडळात गाणं शिकवणाऱ्या सरलाताई आता कायमच्या सांगलीला, लेकीकडे निघाल्या आहेत. चिटणीस म्हणून त्यांचा गौरव करण्याचं काम माझ्याकडे आलं. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. त्यांनी ती दिली, यावरूनच ते किती बदलले ते कळावं.

अध्यक्षांचा वरचा सा कुणाला ठाऊक नाही? दर गणेशोत्सवात ते तो लावत, डोळे मिटून, हात उंचावून. आपण टाळ्या वाजवायचो. शेजारचे बंगाली पाहुणे 'दारुण, दारुण' म्हणायचे. बंगालीत दारुण म्हणजे अप्रतिम. सरलाताई बहुधा तो शब्द मराठीत ऐकत असाव्यात.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा आवाज पोकळ आहे. वर जाताना तुम्ही आपला आवाज सोडून देता आणि त्या जागी दुसराच लावता. पारख सोपी आहे. तोच सूर अगदी हळू धरा आणि एका श्वासात सावकाश मोठा करा. वाढला तर तुमचा, फुटला तर उसना. अध्यक्षांनी करून पाहिलं. फुटला.

मग काय झालं? कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली आणि 'अध्यक्षांचा आवाज खरा आहे' हा ठराव सात विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. गळ्यातल्या प्रश्नाचा निकाल हात वर करून लावणारं आपलं पहिलंच मंडळ असावं. ताईंना समज देणारं पत्र मी लिहिलं. खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये तीस वर्षं खोटा माल ओळखण्यात घालवलेल्या माणसाने.

ताई पुढच्या रविवारीही वर्गाला आल्या. त्याच गणेशोत्सवात अध्यक्षांचा घसा असा बसला, की आरतीसुद्धा म्हणवेना. कुणाला न सांगता ते बराकपूरला गेले. ताईंनी चहा दिला आणि 'ऊ' म्हणायला लावलं. वरून सुरुवात करायची, बाळाला निजवताना म्हणावं इतकं हलकं. घसरत खाली यायचं, आणि आवाज जिथे तुटतो तिथे जोर न लावता पुन्हा जायचं. दीड वर्ष हेच. अध्यक्षपदावरच्या माणसाला जोर लावायचा नाही, ही केवढी शिक्षा!

गेल्या दिवाळीत त्यांनी वरचा सा लावला. लहानसा, पण सलग. मग तो भरत गेला, फुटला नाही. टाळ्या पडल्या नाहीत. अर्ध्या सभागृहाला वाटलं, अजून सुरुवात व्हायची आहे. ताईंनी मात्र पदर डोळ्यांना लावला.

परवा मी पत्राबद्दल माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. सामान बांधता बांधता त्या म्हणाल्या, "विवेकराव, तुमचाही आवाज मी ऐकते ना. घरी खर्जात बोलता, आणि अध्यक्षांचा फोन आला की एकदम वरच्या पट्टीत. तोही पोकळच हो."

यावर काही रियाज आहे का, असं मी विचारलं.

"आहे की. घरी जे म्हणता तेच त्यांच्यासमोर म्हणा. हळू म्हटलंत तरी चालेल."

तर ताई, अध्यक्षांच्या देखत म्हणतो, आम्ही सातजण चुकलो. त्या सातांत अध्यक्षही होते. असं बोलण्याची मला सवय नाही. आवाज कुठे चिरकला असेल, मान राखण्यात काही उणं पडलं असेल, तर सर्वांनी पोटात घालावं. शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. नमस्कार.