आजीचा इस्तो

मी मूळची मेडशीची, लगनानंतर मालेगावात आली, म्हंजे सकाळी बैलगाडी जुंपली तर जेवणाच्या वेळेले पोचावं एवढ्याच दूर आली, दुनिया काही पाह्यली नाही. मले वाढवलं ते आजीनं, बाबाच्या मायनं, कारण माह्या मायले वावरातून फुरसतच भेटे नाही. सन पन्नासच्या पुढची गोष्ट, मी परकर घालत होती. आमच्या गावात तवा मोठ्या माणसाइले फेटे लय होते अन् काम कमी, पण ते जाऊ द्या.

काय सांगू तुम्हाले भाऊ, आमच्या घरच्या चुलीतला इस्तो कधी इझला नाही. भाकरी झाल्या की आजी निखाऱ्यावर गोवरी ठेवे, वरतून राख दाबे, अन् पहाटे फुंकर मारली की चूल चालू. तिच्या सासूनं तिले पह्यली भाकर टाकाले लावली तवापासून तोच इस्तो आहे म्हणे. गल्लीतल्या बाया गोवरीचा तुकडा घेऊन येत अन् आमच्या चुलीतून इस्तो नेत, शेजारची जनामाय तर रोजची. आगपेटी होती घरात, नाही असं नाही, पण आजी तिले बिडी पिणाऱ्याचं सामान म्हणे.

आखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पुढं पुरणाचं पान वाढतात. आजोबाची घागर आजीच भरे. म्हणून बाकीच्या बाया आखाजीले माहेरी जात, आजी कधी गेली नाही.

त्या साली मात्र तिचे दोन्ही पोरं, मोठेबाबा अन् माहे बाबा, एकाएकी लय मायाळू झाले. मोठेबाबा म्हणे, माय, मामा थकला, शेलूबाजाराकडे जाऊन भेटून ये. बाबा म्हणे, आखाजीच्या सकाळी तुले परत आणतो, घागरीची काळजी करू नको. नवं लुगडं आणलं, बैलाले घुंगरमाळा घातल्या, गाडीत गादी टाकली. आजी म्हणे, काहून रे, मले नवरी करून राह्यले का? पण खुश होती. मलेही संगं घेतलं. निघताना दोघी सुनाइले म्हणे, इस्तो तेवढा इझू देऊ नका वो. दोघीइनं एकदमच मान हलवली. बाबानं तिले हात धरून गाडीत चढवलं, तिच्या पायावर डोकं ठेवलं. ते टेकलेलं डोकं मले अजून दिसते.

आखाजीले परत आलो तर घराच्या मधात कुड घातलेला. कुडाच्या इकडे एक नवी चूल, तिकडे एक नवी चूल, दोन्हीइले हळदकुंकू. आजीची चूल फोडून तिची माती कुडाले लिंपली होती, एक काळा डाग तेवढा वरतून दिसे. अंगणात पंच बसले होते, पानसुपारी चालू होती. सरपंच म्हणे, माय, तुह्या पोराइनं भांडण न करता वाटणी केली, अशी वाटणी गावानं पाह्यली नाही. बैल वाटले ते दात पाहून, वावर वाटलं ते माती पाहून. आजी वाटली ती न पाहता, आखाजी ते दिवाई मोठेबाबाकडे, दिवाई ते आखाजी आमच्याकडे.

आजीनं वाटणीचं काहीच इचारलं नाही. इस्तो कोणाजोळ आहे, म्हणे.

मोठीमाय म्हणे, आत्याबाई, चूल तर पेटलीच आहे ना. आजीनं चुलीजोळ पडलेल्या आगपेटीकडे पाह्यलं, मंग बाबाकडे पाह्यलं. बाबानं पानाले चुना लावला. घरात दोन घागरी भरून ठेवल्या होत्या, दोन पानं वाढले होते, आजोबानं कोणतं खावं ते पंचाइनं ठरवलं नव्हतं.

आजी उठली अन् गोवरीचा तुकडा घेऊन जनामायच्या दारात गेली. आयुष्यात पह्यल्यांदा. म्हणे, जने, माहाच इस्तो नेतं ना तू रोज, आज मले दे. जनामायनं चूल उकरली. बापा, ते बाई रडत होती, आजी नाही. मंग आजीनं अंगणातल्या लिंबाखाली तीन गोटे मांडले, जनामायकडूनच डाळ-गूळ घेतलं, पुरण शिजवलं, जुनीच घागर भरली, सगळ्या पंचाइच्या समोर. बाबा म्हणे, माय, नाक कापतं काय आमचं? आजी म्हणे, तू बस रे आपल्या चुलीजोळ, मी तुह्या बापाले वाढून राह्यली.

त्यानंतर ते कोणाच्याच पाळीले गेली नाही. पोरं विनवून थकले. लिंबाखाली पऱ्हाटीचा आडोसा केला, तथीच राह्यली, तथीच गेली. तेरवीले दोघं भाऊ एक झाले, बुंदी केली, अन् त्याच सरपंचानं उभं राहून तिले अन्नपूर्णा म्हटलं. लोकाइनं डोळे पुसले. मी बुंदी खाल्ली नाही. बाबावर माहा लय जीव होता हो, पण त्या दिवसापासून तो कोणाच्या पाया पडाले वाकला की मले भेव वाटे.

आता मीच थकली. पोरगा चांगला आहे, सून त्याच्याहून चांगली, गॅस आहे, फुंकर माराचं काम नाही. पोरगी शेलूबाजारात दिली. यंदा पोरगा म्हणे, माय, आखाजीले ताईकडे जाय, आराम कर, जीप सांगतली तुह्यासाठी. अन् पाया पडाले वाकला. मनात त्याच्या काही नाही, मले माहीत आहे. देव त्याचं भलं करो. पण म्हटलं, जीपवाल्याले नाही म्हण बापा, आखाजी होऊ दे, मंग पाहू.