सोळा मुलं, सोळा टेपा

...नाही, पण मला एक सांगा, वाढदिवस आमच्या पोरीचा, केक आमचा, चाळीस फुगे फुगवून गाल सुजलेत ते माझे, भिंतीवर चिकटवलेल्या चमकीच्या अक्षरांतलं एक अक्षर दर पाच मिनिटांनी खाली येतंय ते उचलून पुन्हा लावणारा मी, आणि एवढं सगळं करून वर, जो येईल त्याच्या हातात जाताना आपणच काहीतरी ठेवायचं? का? आला म्हणून? खाऊन गेला म्हणून? आमच्या सोफ्यावर ज्यूस सांडला त्याचं बक्षीस म्हणून?

रिटर्न गिफ्ट म्हणायचं त्याला. आता तुम्हाला सांगतो, मी साधा लेडीज टेलर. तीन मशिनी, एक कटिंगचं टेबल, एक उभा आरसा आणि त्या आरशासमोर श्वास रोखून पोट आत घेणाऱ्या बायका, एवढंच आपलं जग. मला काय कळतंय रिटर्न गिफ्टमधलं? पण बायको म्हणाली, चला, मुलांच्या वस्तूंच्या दुकानात मिळतात तयार पाकिटं, खिशाला परवडतील अशी. गेलो. दुकानदारानं पाकिटं मांडली समोर. एका पाकिटात वाजत नाही अशी शिट्टी, टोक काढायच्या ऐवजी पेन्सिलच खाऊन टाकणारं शार्पनर, बोटाला हिरवा रंग देणारी अंगठी, आणि एका डोळ्याची बाहुली... म्हणजे दुसरा डोळा होता हो, पाकिटाच्या तळाशी पडला होता, तो शोधून काढायचा हाच बहुतेक खेळ असावा. मी विचारलं, "टिकतं का हे?" तो शांतपणे म्हणतो, "साहेब, वाढदिवस संपेपर्यंत टिकतं."

बायको माझ्या कानात म्हणाली, "अहो, घेऊन टाका. दोन दिवसांत मोडतं, तिसऱ्या दिवशी टाकून देतात, विषय संपतो. तेवढ्यासाठीच असतं ते."

त्याच क्षणी मी तिचे पाय धरायला हवे होते. केवढं शहाणपण होतं त्या वाक्यात! भंगाराचा सगळ्यात मोठा गुण हाच, की ते मोडतं. पण मी? मी छाती फुगवून भर दुकानात भाषण ठोकलं, की आपल्या पोरीच्या वाढदिवसाला कचरा वाटायचा नाही, द्यायची तर कामाची वस्तू द्यायची!

आता एवढा त्वेष कशासाठी, तर त्यालाही कारण होतं. आमच्या लेकीला आम्ही मुंगी म्हणतो. सात वर्षांची, दुसरीत. तिच्या वर्गात डॉक्टरीणबाईंची कन्या आहे. डॉक्टरीणबाई म्हणजे दातांच्या, आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना, आणि माझ्या जुन्या गिऱ्हाईक. तर ती कन्या आमच्या मुंगीला म्हणाली, "तुझे बाबा तर टेलर आहेत, ते रिटर्न गिफ्टमध्ये काय देणार? चिंध्या?" मुंगी घरी आली, दप्तर ठेवलं. जेवताना हळूच मला विचारते, "बाबा, आपण चिंध्या देणार का रे?"

लागलं हो मला ते. पोरगी चार-चौघींत माझ्यामुळे खाली मान घालणार? मी असताना? म्हटलं, तूच सांग काय द्यायचं. तर तिनं जरासुद्धा विचार न करता सांगितलं, "टेप देऊ या. तुझ्यासारखी. खरी."

आता ही पोरगी तीन वर्षांची असल्यापासून माझ्या दुकानात टेपशीच खेळतेय. बाहुलीपेक्षा तिला टेप प्यारी. मशिनीचा पाय मोज, दाराची कडी मोज, झोपलेल्या मांजराचं शेपूट मोज. मलाही पटलं. खरी वस्तू, स्वस्तात मस्त, वर्षानुवर्षं टिकणारी, आणि दुसरीतल्या पोरांना आकडे नुकतेच वाचता यायला लागलेले! बटणं-दोरे जिथून घेतो त्या घाऊकवाल्याकडून दोन डझनांचं खोकं उचललं. उरलेल्या कापडाच्या सोळा छोट्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीला चेन लावली, आणि प्रत्येकीवर त्या त्या मुलाचं नाव रंगीत दोऱ्यानं काढलं. तीन दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून हे चाललं होतं. मुंगी शेजारी बसून एकेक टेप गुंडाळून पिशवीत भरत होती, आणि तिचा चेहरा असा, की जणू सोन्याच्या साखळ्या भरतेय. मी म्हटलं, बघ, द्यायची तर कामाची वस्तू द्यायची!

वाढदिवस झाला. पोरांनी पिशव्या उघडल्या, आणि तुम्हाला सांगतो, पाच मिनिटांत घरात एक पोर जागेवर नाही! कुणी टेबलाखाली, कुणी पलंगावर, एक जण माझ्या नाकापासून कानापर्यंत किती होतं ते मोठ्यानं वाचतोय, दुसरा म्हणतोय "चूक, माझं साडेपाच आलंय", आणि केकचीसुद्धा मापं निघाली, उंची, रुंदी, घेर. टीव्ही लावा म्हणून कुणी म्हटलं नाही. डॉक्टरीणबाई न्यायला आल्या, त्यांनी पिशवी हातात घेतली, नाव वाचलं, म्हणाल्या, "मास्टर, कमाल केलीत! नाहीतर लोक काय काय भंगार देतात हो." मुंगीच्या वर्गातल्या एका पोराची आई, आमच्या वकीलीणबाई, त्याही माझ्या गिऱ्हाईक, म्हणाल्या, "याला म्हणतात विचार." आणि डॉक्टरीणबाईंची कन्या, तीच ती, चिंध्यावाली, मुंगीला म्हणाली, "तुझे बाबा भारी आहेत." मुंगीनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठी मी आणखी सोळाशे पिशव्या शिवल्या असत्या.

दोन दिवस मी मान ताठ करून फिरलो. दोनच दिवस.

आता इथं तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागणार, बाहेर बोलू नका. बाई माप द्यायला येते. आरशासमोर उभी राहते. मी कंबरेला टेप लावतो. ती वर छताकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारते, "वाढली का हो?" आणि मी, टेपेवर जो काही आकडा असेल तो बघून, वहीत लिहून घेत म्हणतो, "छे, आहे तेवढीच!" हा आमचा धर्म. वहीत खरं, तोंडात गोड. कपडा शिवायचा तो वहीतल्या मापानं, शिवणीत आत चांगली दोन इंच माया सोडून, म्हणजे जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, पुढच्या वर्षी गुपचूप उसवून सैल करायला बरं. बाईला वाटतं कंबर तीस, कपडा म्हणतो छत्तीस, आणि दोघंही सुखात. डॉक्टरीणबाई आठ वर्षं तीसवरच आहेत. वकीलीणबाई अठ्ठावीस. कशाला मोडा?

आणि अशा सुखी घरांमध्ये मी काय पाठवलं? सोळा टेपा! आकडे नुकतेच वाचायला शिकलेल्या, गोड बोलणं अजून न शिकलेल्या सोळा पोरांच्या हातात! द्यायची तर कामाची वस्तू द्यायची म्हणे!

पहिली ठिणगी वकिलांच्या घरात पडली. वकीलीणबाई दुपारी आडव्या झाल्या होत्या, पोरानं घातला त्यांच्या कंबरेला वेढा, आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर सांगून मोकळा, "आमच्या आईचा घेर आणि आमच्या टीव्हीचा आडवा आकडा सेम आहे." मग शाळेत. वर्गाच्या बाईंनी कौतुकानं म्हटलं, चला, आज आपण मोजायला शिकू या, काय मोजाल? आणि पोरांनी बाईच मोजल्या. फळ्यावर लिहिलंसुद्धा, इंचात. त्या बाईपण माझ्याच गिऱ्हाईक बरं का, त्यांना मी एकोणतीसवर ठेवलं होतं. आणि डॉक्टरीणबाई... एरवी लोकांच्या तोंडात आरसा घालून "हा किडलाय, तो हलतोय, हा काढावा लागेल" असं ठणकावून सांगणारी बाई, कन्येनं "छत्तीस" म्हटल्यावर म्हणे रात्री जेवल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिघी दुकानात. एकत्र. डॉक्टरीणबाईंनी हातातली पिशवी, माझ्या हातची, नाव काढलेली, टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "या या, काय शिवायचंय?"

"शिवायचं नाही मास्टर. विचारायचंय."

"विचारा की."

वकीलीणबाई पुढे झाल्या. त्या उलटतपासणी घ्यायला लागल्या की माणूस न केलेला गुन्हासुद्धा कबूल करतो, आणि मी तर केलेला होता. "मास्टर, गेल्या महिन्यात तुम्ही माझं माप घेतलंत. कंबर वाढली का, म्हणून मी विचारलं. तुम्ही काय म्हणालात?"

"आहे तेवढीच म्हणालो."

"आणि ही टेप चौतीस दाखवते. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुम्ही खोटं बोललात, नाहीतर ही टेप खोटी आहे. कुठली?"

आता माझी अवस्था बघा. या तिघी म्हणजे नुसत्या तिघी नाहीत, यांच्या बहिणी, जावा, नणंदा, दवाखान्यातल्या, कोर्टातल्या, शाळेतल्या, माझं अर्धं दुकान यांच्यावर चालतंय. मी खोटं बोललो म्हटलं, तर उद्यापासून मशिनींना झाकणं घालून ठेवायची. आणि टेप खोटी म्हणावं, तर... तर कटिंगच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर मुंगी बसली होती. शाळेतून आली होती नुकतीच. दप्तर मांडीवर. बघत होती माझ्याकडे.

सांगा, तुम्ही काय केलं असतं? नाही, खरं सांगा. इथं बसून मान हलवणं सोपं आहे.

मी म्हटलं, "टेप हो! टेपच! स्वस्तातला माल, मुलांचं खेळणंच ते. गरमीनं आटतात या. तीसचं छत्तीस दाखवतात. मनावर काय घेता?"

आणि तुम्हाला सांगतो, ती टेप काचेच्या धाग्याची. तिला भट्टीत घाला, आटायची नाही. पण त्या तिघींच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की ज्याचं नाव ते. शिकलेल्या बायका हो! एक दात काढते, एक कायदा बोलते, एक पोरांना गणित शिकवते! एकीनं विचारावं की नाही, की सोळाच्या सोळा टेपा सारख्याच कशा आटल्या? नाही विचारलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मला वाटलंच." वकीलीणबाई म्हणाल्या, "मी घरी सांगतच होते." आणि डॉक्टरीणबाई मला समजावतायत, "मास्टर, राग मानू नका, पण मुलांना असलं भंगार देऊ नये हो. साधी शिट्टी दिली असती तरी चाललं असतं." आणि मी, कचरा वाटायचा नाही म्हणून भर दुकानात भाषण देणारा मी, हात जोडून म्हणतोय, "चुकलंच माझं." त्यांनी ती पिशवी उचलली आणि माझ्याच चिंध्यांच्या टोपलीत टाकली.

मुंगी स्टुलावरून उतरली. टोपलीतून पिशवी काढली, टेप बाहेर घेतली, नीट सरळ केली. तिघी दारापर्यंत पोचल्या होत्या. पोरगी मला विचारते, अगदी साध्या आवाजात, पण दारापर्यंत ऐकू जाईल असं, "बाबा, मग तुझ्या गळ्यातली? ती पण त्याच खोक्यातली आहे."

तिघी थांबल्या. वळल्या. वकीलीणबाईंनी एकदा माझ्या गळ्याकडे बघितलं, एकदा मुंगीच्या हाताकडे. मी काय करू? गळ्यातली टेप काढली, म्हटलं, "हो, ही पण आटलीय," आणि सगळ्यांच्या देखत टोपलीत टाकली. बावीस वर्षं धंद्यात आहे, गळ्यात टेप नाही असा मी स्वतःला आरशात पहिल्यांदा बघितला.

दोन दिवस मुंगी माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. शाळेत पुन्हा तेच सुरू झालं असणार, तुझ्या बाबांनी भंगार दिलं म्हणून, तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

आता मी माप टेपेनं घेत नाही. लांबून, डोळ्यांच्या अंदाजानं घेतो. बाई आरशासमोर उभी राहते, मी एक डोळा मिटतो, मान वाकडी करतो, "हं" म्हणतो, आणि वहीत लिहितो. आणि खोटं नाही सांगत, गिऱ्हाईक दुप्पट झालंय! बायका लांबून लांबून येतात. म्हणतात, या मास्टरांचा हात काय, नजर काय, अंगाला टेप म्हणून लावत नाहीत.

मुंगीनं तिची टेप मात्र ठेवलीय. काल रात्री जेवण झाल्यावर ती घेऊन आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुझं पोट मोजू?"

मी म्हटलं, "बाळा, अंदाजानं सांग."