पास न झालेला ब्लॉग

तुमच्या फोटोला मिनिटात लाइक पडतात ना, ते बघून मला आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आठवतात. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन ते गावी, कासारसाईला आले, तेव्हा ब्लॉगचं खूळ जोरात होतं. त्यांचे फौजेतले जुने दोस्तही लिहायचे, म्हणून मी अण्णांना ब्लॉग काढून दिला. ते एका बोटानं रोज फौजेतलं काहीतरी टाइप करायचे आणि दोस्तांच्या ब्लॉगवर "लई झ्याक" असं लिहून यायचे.

महिन्याभरात मात्र तोंड पाडून बसले. "मी समद्यांचं वाचतुया. माझं कुणीच वाचंना."

मी उघडून बघितलं, तर सगळं लिखाण ड्राफ्टमध्ये पडून! "अण्णा, पब्लिशचं बटण का नाही दाबलं?"

"मी कसं दाबणार? साहेबानं वाचून पास केल्याबिगर फौजेत पत्र भाईर जात न्हाई. तुझीच वाट बघत हुतो."

मी तिथल्या तिथं सगळं पास केलं. संध्याकाळपर्यंत दोस्तांच्या कमेंट आल्या. अण्णा खूश झाले, आणि मग माझ्यावरच उखडले. "कसला रं साहेब तू? खाली मुक्काम कासारसाई लिवलंय, ते खोडलं न्हाईस! जागेचं नाव जाऊ द्यायचं नसतं."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की आता. इतकी वरसं पत्रात 'मी हितं खुशाल हाय' एवढंच यायचं. हितं म्हंजी कुटं, ते एकदा तरी कळू द्या."